चंद्रलोकाचे शिलंगण

दसऱ्याच्या दिवशी ऊन कलले की सारे कोल्हापूर दसरा चौकाकडे लोटते. अंबाबाईची पालखी येते, भवानीची पालखी येते, छत्रपतींची स्वारी येते. शमीचे पूजन होते आणि मग पानांसाठी एकच झुंबड उडते. ज्याच्या हाती चार पाने लागतात तो ती जपून घरी नेतो, देवापुढे ठेवतो, वडील माणसांच्या हातात देऊन पाया पडतो. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." ग्रंथांतून ह्या विधीला सीमोल्लंघन म्हणतात. आमच्याकडे त्याचे शिलंगण झाले.

वाचकहो, शिलंगण म्हणजे शीव ओलांडणे हे आपणांस ठाऊकच आहे. पण त्यातली एक साधी गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. शीव ओलांडून कुणी तिकडे राहायला जात नाही. दिवेलागणीला माणूस घरी परततो, आणि येताना काहीतरी घेऊन येतो. ते स्वतःपुरते ठेवत नाही, चार घरी वाटतो. जाणे, परत येणे आणि वाटणे, ह्या तिन्ही गोष्टी पुऱ्या झाल्या तरच शिलंगण पुरे झाले.

आता आपण म्हणाल, विज्ञानकथेतल्या सीमेविषयी लिहायला बसलात आणि हे दसऱ्याचे काय काढलेत? सांगतो. चंद्रावर, मंगळावर, ताऱ्यांच्या पलीकडे जाणाऱ्या ज्या कथा जगभर वाचल्या जातात, त्यांतल्या पुष्कळशा सीमेच्या एका विशिष्ट कल्पनेवर उभ्या आहेत. ती कल्पना आपल्या शिवेहून फार निराळी आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे पुष्कळ उलगडा होतो.

ती दुसरी सीमा अमेरिकेची. इंग्रजीत तिला 'फ्रंटियर' म्हणतात. इ. स. १८९३ साली शिकागो शहरी इतिहासकारांची एक सभा भरली होती. तीत फ्रेडरिक जॅक्सन टर्नर नावाच्या तरुण प्राध्यापकाने एक निबंध वाचला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की अमेरिकन माणसाचा स्वभाव, त्याची धडाडी, त्याची लोकशाही हे सारे घडले ते पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या सरहद्दीवर. एक मुलूख वसला की माणसे पुढे सरकली, पुढची जमीन नांगराखाली आली की आणखी पुढे. आणि १८९० च्या शिरगणतीने तर जाहीर करून टाकले होते की अशी सलग सरहद्द आता दाखवता येत नाही. एक युग संपले, असे टर्नरने सांगितले.

सरहद्द संपली, पण तिची सवय सुटली नाही. जमिनीवर जागा उरली नाही, तेव्हा कथालेखकांनी तीच सरहद्द आकाशात नेली. १९१२ साली एडगर राइस बरोजची मंगळावरची कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तिचा नायक जॉन कार्टर ॲरिझोनात सोने शोधत हिंडत असतो. अपाची लोक पाठीस लागतात, तो एका गुहेत शिरतो आणि तिथून थेट मंगळावर पोहोचतो! पश्चिमेची वाट जिथे खुंटली तिथून मंगळाची वाट सुरू झाली, असेच म्हणा ना. १९५० साली रॉबर्ट हाइनलाइनने गुरूच्या गॅनिमीड ह्या चंद्रावर शेतकरी नेऊन बसवले. ते बिचारे खडक दळून त्याची माती करतात आणि त्या मातीत पीक काढतात. पुढे १९६० साली केनेडींनी आपल्या राजकीय कार्यक्रमालाच 'नवी सरहद्द' असे नाव दिले, आणि १९६६ साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' ह्या चित्रमालिकेत दर भागाच्या आरंभी अंतराळाचा उल्लेख सरहद्द म्हणूनच होऊ लागला.

ह्या कल्पनेत जोर आहे, साहस आहे, कष्टांचा अभिमान आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. खोट आहे ती एकाच ठिकाणी. सरहद्दीच्या पलीकडची जमीन रिकामी आहे, असे तिने आधीच धरून चाललेले असते. वस्तुतः ती रिकामी नव्हती. तिथे माणसे होती, त्यांची गावे होती, शिकारीची राने होती, पूर्वजांची दफनस्थाने होती. पश्चिमेकडच्या शहाण्या लेखकांनाही हे टोचत होतेच. एच. जी. वेल्सने १८९८ साली मंगळवासीयांना इंग्लंडवर चालून आणले, तेव्हा आरंभीच टास्मानियातल्या मूळ रहिवाशांच्या संहाराची आठवण करून दिली. तुम्ही इतरांशी जे वागलात तेच कुणी तुमच्याशी वागले तर, असा त्याचा रोख होता. १९५० साली रे ब्रॅडबरीने मंगळावर पृथ्वीची माणसे नेली, आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या कांजिण्यांनी मंगळवासी मरून गेल्याचे दाखवले. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे देवीच्या साथींनी काय झाले हे ज्याने वाचले आहे, त्याला निराळे सांगायला नको.

आता आपली शीव पाहू. आपल्या जुन्या गावाचा नकाशा मनात आणा. मध्ये पांढरी, म्हणजे वस्तीची जागा. तिच्याभोवती काळी, म्हणजे पिकाची जमीन. काळी संपते तिथे शीव. आणि शीव संपते तिथे काय? तिथे दुसऱ्या गावाची काळी सुरू होते! शीव ही कधी एका गावाची नसते. ती नेहमी दोन गावांची असते. शिवेवरचा दगड दोन्हीकडून दिसतो. अमेरिकेच्या सरहद्दीला, निदान तिच्या कथेत तरी, एकच बाजू आहे. आपल्या शिवेला दोन बाजू आहेत. सारा फरक एवढ्यातच आला.

आणखी एक गोष्ट. गावाची शीव सर्वांत चांगली ठाऊक कुणाला होती? त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचे 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली निघाले. त्यात जुन्या गावाची सारी घडी उलगडून दाखवली आहे. शिवेचा तंटा उपस्थित झाला म्हणजे महाराची साक्ष मोलाची मानीत, कारण खुणेचा दगड कुठे, ओढा कुठून वळला, बांध कुणी सरकवला, हे त्यालाच पक्के माहीत असे. म्हणजे मौज पाहा, आणि मौज कसली, लाजच म्हणायची. ज्याला आपण गावकुसाबाहेर ठेवले, त्याच्याच डोळ्यांत गावाची हद्द साठवलेली होती. सीमेचे खरे ज्ञान सीमेवर राहणाऱ्याला असते, पांढरीत बसून नकाशा काढणाऱ्याला नसते. विज्ञानकथा लिहिणाऱ्याने हे सूत्र भिंतीवर लिहून ठेवावे, इतके ते महत्त्वाचे आहे.

पण ह्यावरून आपण फार भले आणि दुसरे तेवढे लोभी, असा समज कुणी करून घेऊ नये. दसऱ्याला फौजा बाहेर पडत आणि पावसाळ्यापूर्वी परतत, हे खरे. पण येताना त्यांनी आणलेले सोने आपट्याचे नसे. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या, ते आपण अभिमानाने सांगतो. त्याच शतकात, १७४२ पासून १७५१ पर्यंत, नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर होत राहिल्या. तिकडच्या आया पुढे कित्येक पिढ्या अंगाईगीतात 'बर्गी आले' म्हणून मुलांना भीती घालीत राहिल्या. बर्गी म्हणजे आमचाच बारगीर. आमचे शिलंगण त्यांच्या घरी असे पोहोचले. शिवेला दोन बाजू असतात हे आपल्या भाषेला ठाऊक होते. आपल्या तलवारीला ते दर वेळी आठवले, असे मात्र म्हणता येत नाही.

दुसऱ्या टोकाला आपण अशाही सीमा आखून ठेवल्या होत्या, की ज्या ओलांडायच्याच नाहीत. समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो, असा समज होता. कोल्हापूरच्या गादीवरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली ही सीमा ओलांडून विलायतेस गेले. त्यांची तिथली रोजनिशी पुढे कॅप्टन वेस्ट ह्यांनी संपादून १८७२ साली छापली. नवे जग डोळे उघडून पाहणारा हा वीस वर्षांचा तरुण राजा परतीच्या वाटेवर इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी ३० नोव्हेंबर १८७० रोजी निधन पावला. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले, आणि तिथे त्यांची छत्री अजून उभी आहे. कोल्हापुरात त्यांच्या नावाचे राजाराम कॉलेज आहे. शीव ओलांडणारा प्रत्येक जण परत येतोच असे नाही, हे ह्या गावाला असे ठाऊक झाले. आणि म्हणून परत येण्याचे मोलही ठाऊक झाले.

ही सगळी शिदोरी पाठीशी बांधून मराठी वाचक आकाशात निघाला. सन १९०० मध्ये 'केरळकोकिळ' मासिकात ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूप येऊ लागले. कृष्णाजी नारायण आठल्ये ह्यांनी हे मासिक कोचीनमध्ये काढले होते, म्हणजे मासिकाने स्वतःच आधी मराठी मुलखाची शीव ओलांडलेली होती. त्या कादंबरीला नाव दिले 'चंद्रलोकची सफर'. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या घराघरांत पोहोचवला. त्यांची नावे आठवा. 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. सफर, स्वारी, मुक्काम! तिन्ही शब्द जाऊन परत येणाऱ्या माणसाचे आहेत. सफरीला निघालेला घरी येतो, स्वारी छावणीकडे वळते, मुक्काम हलतो. 'वसाहत' हा शब्द ह्यांपैकी कुणाच्याही मनात आला नाही. मुद्दाम टाळला असे मी म्हणत नाही. भाषेच्या जिभेवर जे शब्द होते ते आपसूक आले. आणि आपसूक आलेले शब्दच माणसाच्या मनातले खरे काय ते सांगतात.

ह्या वाटेवर कोल्हापूरचा एक सुपुत्र भेटतो. जयंत विष्णु नारळीकर ह्यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. बालपण काशीत गेले, शिक्षण केंब्रिजला झाले, आणि १९७२ पासून ते मुंबईस व पुढे पुण्यास राहिले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. जगाला ते विश्वाच्या उत्पत्तीचा विचार करणारे ज्योतिर्विद म्हणून ठाऊक. मराठी वाचकाला ते कथाकार म्हणूनही तितकेच जवळचे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी केली की ना. वि. ज. होतात, एवढेच ते कोडे! मोठ्या नावामुळे परीक्षकांचे मन कलू नये, म्हणून प्राध्यापक महाशयांनी वेष पालटून ही वेस ओलांडली होती.

नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आपल्या विषयाच्या अगदी मर्माशी जाते. लेखकाने तिला इंग्रजी रूपही दिले आणि ते राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात घेतले गेले. त्या रूपातली हकिकत अशी. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे. १७६१ साली पानिपतावर मराठे जिंकले असते तर काय झाले असते, ह्या विचारात चालले असताना ट्रकची धडक बसते आणि ते अशा एका जगात जाऊन पडतात, जिथे मराठे खरोखरच जिंकलेले आहेत. तिथे ते पुण्याहून मुंबईला जिजामाता एक्सप्रेसने निघतात. घाट उतरून, कल्याण मागे टाकून, एका लांब बोगद्यापलीकडे गाडी एका लहानशा स्टेशनावर थांबते. स्टेशनाचे नाव सरहद! तिथे गणवेशातला अंमलदार परवाने तपासतो, कारण पुढे इंग्रजांचा मुलूख सुरू होतो.

विज्ञानकथेतली सीमा म्हटली की आपण तारे आणि उल्का डोळ्यांपुढे आणतो. नारळीकरांनी ती मुंबईच्या वाटेवर आणून ठेवली. रोजच्या गाडीत बसलेल्या माणसाला त्यांनी दाखवले की ह्या रुळांवर एक सरहद्द असू शकली असती, आणि नाही ती एका गोळीच्या अंतराने नाही. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात कानाजवळून निघून जाते. बस, तेवढ्याने नकाशा बदलतो.

पण कथेची खरी मेख पुढे आहे. गंगाधरपंत आझाद मैदानावर एका व्याख्यानाला जातात. व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसते. आयुष्यभर सभांची अध्यक्षस्थाने भूषवलेला हा गृहस्थ! रिकामी खुर्ची पाहून त्याला राहवत नाही. जाऊन बसतो. लोक ओरडतात, ऊठ म्हणतात, आणि ऐकत नाही तेव्हा टोमॅटो आणि अंडी फेकतात. कारण त्या जगातल्या लोकांनी सभेला अध्यक्ष बसवण्याची रीतच सोडून दिलेली असते. खुर्ची केवळ नावापुरती ठेवलेली. ती रिकामी होती, पण कुणाची वाट पाहत नव्हती.

वाचकहो, टर्नरच्या सरहद्दीची सारी कहाणी ह्या एका खुर्चीत आली आहे असे मला वाटते. दुसऱ्याच्या मुलखात गेल्यावर जे रिकामे दिसते, ते आपल्यासाठीच ठेवले आहे असे वाटणे, हीच ती जुनी चूक. जमीन रिकामी दिसते, कारण तिथली वहिवाट आपल्याला वाचता येत नाही. खुर्ची रिकामी दिसते, कारण तिथला रिवाज आपल्याला ठाऊक नसतो. मूर्ख ठरतो तो बाहेरून आलेला. इथे गंगाधरपंतांवर अंड्यांवर भागले. इतिहासात इतके स्वस्तात भागत नाही.

आणि गंगाधरपंत परत येतात. शुद्धीवर येतात ते आपल्याच जगातल्या आझाद मैदानावर. खिशात एका बखरीचे फाटलेले पान असते, पलीकडच्या ग्रंथालयातून अनवधानाने आलेले. त्यावर लिहिलेले असते की गोळी लागली नाही. ह्या जगातल्या बखरीत तीच गोळी लागलेली आहे. शिलंगणाला गेलेला माणूस पान घेऊन आला, आणखी काय हवे? ते पान तो मित्रापुढे ठेवतो, दोघे मिळून त्याचा अर्थ लावतात, आणि आपण मात्र पुन्हा अध्यक्षस्थानी बसायचे नाही असे पंत ठरवून टाकतात. जाणे झाले, परत येणे झाले, वाटणे झाले. वर शहाणपण पदरी पडले ते निराळेच.

ह्या सगळ्याचा आज उपयोग काय, असे कुणी विचारील. उपयोग आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. 'चंद्रलोकची सफर' आता केवळ कादंबरीत राहिलेली नाही. १९६७ च्या अंतराळ कराराप्रमाणे कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर मालकी सांगता येत नाही. पण २०१५ साली अमेरिकेने कायदा करून आपल्या नागरिकांना अंतराळातून काढलेल्या द्रव्यावर मालकी दिली. म्हणजे जमीन कुणाची नाही, पण खणून काढलेले ज्याचे त्याचे. 'रिकामी खुर्ची' पुन्हा एकदा समोर मांडलेली आहे. चंद्रावर कुणी राहत नाही, हे खरे. पण तिथले पाण्याचे बर्फ, तिथली शांतता, पुढच्या पिढ्यांचा वाटा, ह्यांची वहिवाट कोण वाचणार? आपण कोणत्या शब्दाने जातो, सफरीला जातो की वसाहतीला, ह्यावर पुष्कळ अवलंबून आहे. तो शब्द ठरवतात कायदेपंडित. पण त्यांच्या आधी, त्यांच्या लहानपणी, तो ठरवून गेलेले असतात कथालेखक.

आणि कोल्हापूरकराला तर सीमा समजून घ्यायला आकाशात जायचीही गरज नाही. कागलच्या पुढे थोडे गेले की राज्य बदलते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि निपाणी, बेळगाव हा भाग म्हैसूर राज्यात गेला. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्या वादात मी इथे शिरत नाही. सांगायचे ते एवढेच की नकाशावरची रेघ बारीक असते, आणि ती ज्यांच्या अंगणातून जाते त्यांची आयुष्ये बारीक नसतात. लेक तिकडे दिलेली असते, बाजार इकडे असतो, शाळेची भाषा एक आणि घरची दुसरी. सीमेवर कुणीच राहत नाही असे मानणाऱ्या कथा ह्या भागातल्या वाचकाला खोट्या वाटतात, ते उगाच नाही.

शेवटी पुन्हा नवरात्राकडे वळू. ललितापंचमीला अंबाबाईची पालखी गावाबाहेर टेंबलाईच्या टेकडीवर जाते. कथा अशी सांगतात, की असुराशी झालेल्या युद्धात त्र्यंबोलीने मोठा पराक्रम केला, देवांना सोडवले, आणि विजयाच्या सोहळ्यात मात्र तिचा मान राखायचा राहून गेला. ती रुसली आणि गावाकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. तेव्हा खुद्द अंबाबाई तिची समजूत घालायला शीव ओलांडून गेली. अजूनही दरसाल जाते, कोहळा फोडण्याचा विधी होतो, आणि पालखी माघारी येते.

करवीरच्या देवीलाही शिवेपलीकडे जावे लागते, ते मुलूख घ्यायला नव्हे, राहून गेलेला मान द्यायला. आमच्या तरुण लेखकांनी ताऱ्यांपलीकडे खुशाल जावे. जाताना एवढेच विचारावे, की शिवेच्या त्या बाजूला कोण आहे, आणि त्याचे आपण काय देणे लागतो? मग परत येताना जे पान हाती लागेल, ते आम्ही वाचक सोने म्हणूनच घेऊ.